खुराड्यातला नवा कोंबडा

इतिहास म्हटला की राजे, लढाया, ताम्रपट आणि तहनामे डोळ्यांसमोर येतात. गोमंतकाचा इतिहास म्हटला तर कदंबांपासून पोर्तुगीजांपर्यंत आणि तिथून मुक्तिलढ्यापर्यंत वाट ठरलेली आहे. त्या वाटेच्या कडेला उकिरडा उकरीत एक कोंबडी फिरत असते, तिच्याकडे इतिहासकाराचे लक्ष जात नाही. आमच्या गावांत शिलालेख किती आणि मागीलदारची खुराडी किती, याची मोजदाद केली तर कोणाचा इतिहास जास्त घरांतून गेला आहे, हे वेगळे सांगायला नको. म्हणून आज विषय घेतला आहे तो कोंबड्याचा. त्यातही एका नेमक्या प्रसंगाचा. जुन्या, मुरलेल्या कोंबड्यांच्या घोळक्यात एखादा तरणा कोंबडा बाहेरून आणून सोडला, की काय होते?

विषय किरकोळ वाटेल. पण मित्रहो, या एका प्रश्नाच्या मागे लागलो तर वाटेत संस्कृत व्याकरणकार भेटतात, कल्याणीचा चालुक्य राजा भेटतो, नॉर्वेचा एक कोंबडीवेडा मुलगा भेटतो, सरकारी योजना भेटतात आणि हुबळीला राहणारी आमची थोरली आतेही भेटते.

सुरुवात व्याकरणापासून. आम्ही बी.ए.ला संस्कृत घेतले होते, त्यातले आता फारसे उरलेले नाही. पण एक गोष्ट पक्की लक्षात राहिली. ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत असे स्वरांचे तीन प्रकार सांगताना पाणिनीने ‘अ’ न घेता ‘उ’ का घेतला? परंपरेचे पंडित उत्तर देतात की कोंबडा आरवतो तेव्हा त्याच्या बांगेत हे तिन्ही उकार ओळीने ऐकू येतात, आधी आखूड, मग लांब, मग त्याहून लांब. म्हणजे पहाटे मागीलदारी जो ओरडतो तो आमचा पहिला व्याकरणशिक्षक. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातल्या पतंजलीने तर महाभाष्याच्या आरंभीच कोंबड्याचे उदाहरण दिले आहे. गावातला कोंबडा खाऊ नये असे म्हटले की रानातला चालतो हे न सांगता समजते, असा त्याचा युक्तिवाद. आम्हांला महत्त्वाचे एवढेच, की त्या काळीही लोकांच्या मनात कोंबड्याचे दोन वर्ग स्पष्ट होते, गावचा आणि रानचा.

हा रानचा कोंबडा गावचा कसा झाला, याचे उत्तर गेल्या काही वर्षांत पार बदलले. पूर्वीच्या पुस्तकांत कोंबडी पाळण्याचा मान सिंधू संस्कृतीला तरी दिलेला असे किंवा आठ-दहा हजार वर्षांपूर्वीच्या चीनला तरी. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात जगभरच्या उत्खननांतली हाडे पुन्हा तपासली गेली आणि पाळीव कोंबडीचा सर्वांत जुना खात्रीचा पुरावा थायलंडमधल्या बान नॉन वाट या ठिकाणचा ठरला. काळ साधारण इसवी सनापूर्वी १६५० ते १२५०. कारण मोठे गमतीचे आहे. माणसाने भात आणि भरड धान्ये पिकवायला सुरुवात केली, साठवू लागला, आणि सांडलेल्या दाण्यांच्या ओढीने तांबडा रानकोंबडा झाडीतून उतरून खळ्याजवळ आला. म्हणजे माणसाने कोंबडीला आणले असे म्हणण्यापेक्षा भाताने दोघांना जवळ आणले म्हणावे लागेल. भातखाऊ गोंयकाराला हे पटायला हरकत नाही.

आता आपल्या सह्याद्रीकडे या. मोले, कॅसलरॉक, दांडेली हा जो गोवा आणि धारवाड यांच्यामधला रानाचा पट्टा आहे, त्यात तांबडा रानकोंबडा नाही. तिथे आहे तो करड्या रंगाचा रानकोंबडा, मानेवर मेणाचे ठिपके पडल्यासारखी पिसे असलेला. पिअर सोनरा या फ्रेंच निसर्ग-अभ्यासकाच्या नावावरून त्याचे शास्त्रीय नाव पडले. आज तो कायद्याने संरक्षित आहे. पाळीव कोंबडीचा मूळपुरुष तांबडाच, याविषयी वाद नाही. पण २००८ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की पाळीव कोंबडीच्या कातडीचा आणि पायांचा पिवळा रंग ज्या जनुकामुळे येतो, तो तांबड्याकडून आलेला नसून या करड्या रानकोंबड्याकडून आलेला आहे. म्हणजे माणसाळलेल्या घोळक्यात दक्षिणेच्या रानातले बाहेरचे रक्त कधीतरी मिसळले, आणि त्याची खूण आज जगभरच्या कोट्यवधी कोंबड्यांच्या पायांवर आहे. नव्या कोंबड्याने जुन्या घोळक्यात शिरण्याची ही सर्वांत मोठी गोष्ट, आणि तिचा नायक आमच्या घाटातला.

राजदरबारीही कोंबड्याची वर्णी लागली होती. हुबळी-धारवाडचा मुलूख बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखाली होता. सहाव्या विक्रमादित्याची मुलगी मैलळदेवी गोव्याच्या दुसऱ्या जयकेशी कदंबाला दिलेली, आणि त्याच विक्रमादित्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींची जी यादी आहे, तिच्यात कुक्कुटविनोद म्हणजे कोंबड्यांच्या झुंजी हेही एक प्रकरण आहे. आज प्राण्यांच्या झुंजी लावणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि ते योग्यच. पण दरबारी ग्रंथात कोंबडा आला तो झुंजणारा म्हणून, नराला नराशी भिडवणारा. घरच्या कोंबडीचे काय चालते, नवा नर आला तर त्याला ती कशी वागवते, हे पाहायला राजाला वेळ नव्हता. ते पाहिले एका मुलाने, आणि तेही फार उशिरा.

थॉरलाइफ शेल्डरुप-एबे हे त्याचे नाव, जन्म १८९४, गाव क्रिस्तियानिया म्हणजे आजचे ओस्लो. लहानपणापासून त्याला कोंबड्यांचा नाद. कोण कोणाला चोच मारते, कोण मुकाट्याने बाजूला होते, हे तो वर्षानुवर्षे वहीत टिपत राहिला. त्यातून १९२१ साली त्याने प्रबंध लिहिला आणि १९२२ साली त्याचा जर्मन भाषेतला लेख छापून आला. त्याचे म्हणणे असे की कोंबड्यांचा घोळका म्हणजे नुसती गर्दी नव्हे. प्रत्येक दोघींमध्ये एकदा काय तो निकाल लागतो, कोणी चोच मारायची आणि कोणी सोसायची, आणि तो निकाल दोघी लक्षात ठेवतात. असे सगळे निकाल एकाखाली एक लावले की यादी तयार होते. कधी कधी यादी सरळही नसते. पहिली दुसरीला मारते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी उलट पहिलीला! त्याच्या या शोधातून ‘चोचीची उतरंड’ ही कल्पना जगभर गेली, ऑफिसांच्या आणि राजकारणाच्या गप्पांपर्यंत पोचली. शोध लावणाऱ्याला मात्र स्वतःच्या देशात विद्यापीठातली मानाची जागा मिळाली नाही.

आम्हा कारकुनांना ही उतरंड समजावून सांगायची गरजच नाही. सरकारी खात्यात तिला सेवाज्येष्ठता यादी म्हणतात. कोणाच्या टेबलाला खिडकी, कोणाच्या टेबलाला पंखा, चहा आधी कोणापुढे येतो, हे बाहेरच्याला कळत नाही. पण आतल्या प्रत्येकाला पाठ असते. यादी पाठ असते म्हणूनच रोज भांडण होत नाही. बदली होऊन नवा माणूस आला की मात्र सगळ्या खुर्च्या थोड्याथोड्या हलतात.

हीच गोष्ट अमेरिकेत मोजून पाहिली गेली. शिकागोचे ॲली आणि कॅन्ससचे गुल या दोघांनी १९४४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कोंबड्यांचे काही घोळके त्यांनी जसेच्या तसे ठेवले, आणि काहींत ठरावीक दिवसांनी एक जुनी काढून एक नवी घालत राहिले. ज्यात माणसे, चुकलो, कोंबड्या बदलत होत्या, त्या घोळक्यांत चोचींचे वार जास्त, खाणे कमी आणि अंडीही कमी. स्थिर घोळके शांत आणि भरल्या अंगाचे. पुढे असेही दिसले की कोंबड्या एकमेकींना ओळखतात त्या मुख्यतः डोके आणि तुरा पाहून. तुऱ्याचे रूप बदलले तर जुनी मैत्रीणही परकी ठरते. आणि काही आठवडे ताटातूट झाली तर ओळख पुसते, निकाल पुन्हा लावावा लागतो.

नराचे काय? नरांची उतरंड वेगळी, माद्यांची वेगळी. पूर्ण वाढलेला कोंबडा सहसा कोंबड्यांशी मारामारी करीत बसत नाही. तो नुसता चालत आला तरी त्या वाट देतात. पण चार-पाच महिन्यांचा, नुकता कंठ फुटलेला, तुरा अजून पुरता न रंगलेला कोंबडा असेल तर गोष्ट उलटी. त्याला अनुभवी कोंबड्या पिलूच समजतात आणि दाण्याजवळ येऊ देत नाहीत. १९३९ च्या एका प्रयोगात खालच्या पायरीवरच्या कोंबड्यांना नराचे संप्रेरक टोचले, तर त्या उतरंडीत वर चढल्या. तेव्हा तरण्या कोंबड्याची पायरी बदलते ती त्याच्या अंगात हे संप्रेरक वाढेल तशी, त्याच्या तुऱ्याबरोबर. तोवर त्याने सोसायचे असते.

हे पुस्तकातले झाले. प्रत्यक्षात मी ते पाहिले हुबळीला, आतेच्या परसात.

आते आमच्या वडिलांची थोरली बहीण. गोवा मुक्त झाला १९६१ च्या डिसेंबरात. त्याआधी, १९५५ मध्ये, मुरगावहून दूधसागर-कॅसलरॉकमार्गे लोंढ्याला जाणारी रेल्वे बंद पडली होती; मुक्तीनंतर ती पुन्हा धावू लागली, आणि १९६४ मध्ये आते लग्न होऊन त्याच गाडीने घाट चढली. यजमान हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये. सोबत पाठराखीण म्हणून आजीने काय दिले, तर वेताच्या टोपलीत घातलेली एक तांबडी गावठी कोंबडी! हसू नका. त्या पाठराखिणीचा वंश आतेच्या परसात आजही आहे. रेल्वे क्वार्टर्स सुटले, केशवापूरकडे स्वतःचे घर झाले, यजमान गेले, मुलगा बेंगळुरूला स्थायिक झाला, कोंबड्या राहिल्या. २००३ साली हुबळी नैऋत्य रेल्वेचे मुख्यालय झाले, २०१४ साली गावाचे नाव अधिकृतपणे हुब्बळ्ळी झाले, २०२३ साली तिथला फलाट जगातला सर्वांत लांब म्हणून गाजला. आते मात्र अजून हुबळीच म्हणते, आणि फलाटापेक्षा तिला खुराड्याची काळजी.

गेल्या वेळी गेलो तेव्हा काळजीचे कारणही होते. तिचा जुना कोंबडा मुंगसाने नेला होता. कोंबड्या सात. त्यांतली म्हातारी तांबडी मुख्य, बाकीच्या तिच्या लेकी-नाती. अंडी यायला कोंबडा लागत नाही, हे शहरी वाचकांना सांगून ठेवतो. पण पिले हवीत तर लागतो. नर गेल्यावरही कोंबडीच्या अंगात त्याचे बीज दोन-तीन आठवडे टिकते. ती मुदत संपली की अंडी नुसती खाण्याची. शिवाय घरच्याच पिलांतला कोंबडा मोठा करून ठेवला तर आई-लेक, बहीण-भाऊ एकत्र येऊन पुढची पिढी किरटी निघते. आतेने हे कुठल्या कॉलेजात शिकलेले नाही. ती म्हणाली, “कोंबडा बाहेरचोच जाय रे. माणसांत सून भायल्यान येता, हांच्यांत जांवय.”

बाजारातून, म्हणजे तिकडच्या भाषेत संतेतून, एक जवारी कोंबडा आणला. जवारी म्हणजे आपला गावठी. पाच-सहा महिन्यांचा, काळा-तांबडा, पाय पिवळे. मी तो लगेच परसात सोडायला निघालो, तर कुंपणापलीकडून शेजारच्या बाई म्हणाल्या, “हगल ब्याडरी, रात्री बिडरी.” दिवसा नको हो, रात्री सोडा. आतेने मान हलवली आणि म्हणाली की रात्रीही आज नाही. आधी पंधरा-वीस दिवस तो घराच्या दुसऱ्या टोकाला वेगळा राहणार. कारण नव्या पाखराबरोबर आजार येतो. कोंबड्यांचा राणीखेत रोग, ज्याला आपल्याकडे मानमोडी म्हणतात, तो हिमालयातल्या राणीखेतवरून ओळखला जातो आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून भारतात नोंदलेला आहे. एका आजारी कोंबड्याने अख्खे खुराडे रिकामे केल्याची उदाहरणे प्रत्येक गावात सापडतील. त्या दिवसांत पशुवैद्यकाकडून लस टोचून झाली.

मग दुसरा टप्पा. परसाच्या मधोमध मोठी बुट्टी पालथी घातली, आपल्याकडचे डालगेच ते, आणि त्याखाली कोंबडा. कोंबड्या भोवती फिरत, आत डोकावत, एखादी फटीतून चोचही मारी. पण मारून मारून किती मारणार? तीन-चार दिवसांत त्याचा तुरा, त्याचे डोके सगळ्यांच्या ओळखीचे झाले. आठवड्याने रात्री अंधारात त्याला उचलून खुराड्यात दांडीवर बसवले. कोंबडीला अंधारात दिसत नाही म्हटले तरी चालेल. रात्री ती भांडत नाही. सकाळी सगळी एकाच दारातून बाहेर पडली. आणि पहिल्याच दिवशी दाणे दोन ठिकाणी टाकले, पाणीही दोन भांड्यांत. एकीकडून हाकलले तर दुसरीकडे जायला वाट हवी, कोपऱ्यात कोंडला जाता कामा नये. यामागे कुठलेही गूढ नाही. निकाल लागायचे ते लागतातच. फक्त रक्त न सांडता लागावेत, एवढीच तजवीज.

माझी रजा संपली तोवर तांबडी त्याला दिवसातून चार वेळा पळवून लावीत होती. तो बिचारा पेरूच्या झाडाखाली जाऊन उभा राही. आते शांत होती. फोनवरून पुढची बातमी कळत गेली. दोन महिन्यांनी तो गांडूळ सापडले की स्वतः न खाता मान खाली-वर करीत ‘टुकटुक’ असा आवाज काढू लागला, आणि कोंबड्या धावत जाऊ लागल्या. हा कोंबड्यांच्या जातीचा जुना रिवाज आहे, खाऊ दाखवून मन जिंकण्याचा. आकाशात घार दिसली की तो वेगळी किंकाळी मारी आणि सगळ्या झुडपात शिरत. एका पहाटे तो पहिल्यांदा पूर्ण आरवला. शेजारच्या दोन घरांत थोराड कोंबडे आहेत. ते आरवल्यावर हा आरवतो, आधी नाही. जपानी शास्त्रज्ञांनी २०१५ साली नेमके हेच सिद्ध केले आहे, की वरच्या पायरीवरचा कोंबडा आधी बांग देतो आणि बाकीचे क्रमाने. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही म्हण खरी. पण कोणी आधी बोलायचे हे सूर्य ठरवत नाही, ज्येष्ठता ठरवते.

हे सगळे बघताना आतेने सहज एक गोष्ट सांगितली. १९६४ मध्ये ती क्वार्टर्समध्ये आली तेव्हा चाळीला एकच नळ. तेलुगू, तमिळ, कानडी, उर्दू, मराठी सगळ्या भाषांच्या बायका तिथे आधीपासून होत्या. हिची घागर कितीही आधी लावली तरी शेवटी भरली जाई. ती काही बोलली नाही. रोज त्याच वेळी त्याच जागी जाऊन उभी राहिली, कानडी शिकत राहिली. सहा महिन्यांनी एका बाईचे मूल तापाने फणफणले तेव्हा रात्री हिचे दार वाजले. त्यानंतर घागर मध्यावर आली. पुढे दहा वर्षांनी नव्या आलेल्या सुनेची घागर ती स्वतः आधी भरू देऊ लागली. “कोंबयांक तें कळना,” ती म्हणाली, “माणसांक कळूंक जाय.” उतरंडीविषयी मी पुष्कळ वाचले आहे, पण शेल्डरुप-एबेला न सापडलेला हा नियम मला हुबळीत मिळाला.

आता या गोष्टीची दुसरी बाजू, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. आतेच्या मुलाचा आग्रह होता की कोंबडा आणायचाच तर गिरिराज आणावा. गिरिराज ही बेंगळुरूच्या हेब्बाळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झालेली, १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून कर्नाटकात पसरलेली जात. रंगीत, धिप्पाड, परसात फिरून खाणारी. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, तर गिरिराज त्याच्या दुप्पट किंवा अधिक. मुलाचे गणित बरोबरच होते. आतेने नाही म्हटले.

तिच्या नकारात शंभर वर्षांचा सरकारी इतिहास आहे. गावठी कोंबडी लहान, अंडी कमी, तेव्हा तिच्यावर सुधारित नर सोडावा, हा विचार भारतात मिशनऱ्यांपासून सुरू झाला. संयुक्त प्रांतातल्या एटा इथे आणि त्रावणकोरातल्या मार्तंडम इथे विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत विलायती कोंबड्यांचे प्रयोग झाले. १९२६ साली नेमलेल्या शाही कृषी आयोगाने १९२८ च्या अहवालात कुक्कुटपालनाचाही विचार केला. १९५२ साली समूह विकास योजना आली आणि ब्लॉकांतून पांढरे लेगहॉर्न, तांबडे ऱ्होड आयलंड रेड असे नर गावोगाव दिले जाऊ लागले. गावठी नर काढा, हा ठेवा. धारवाड तेव्हा मुंबई राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेले. राज्य बदलले, धोरण तेच राहिले. गोवा मुक्त झाल्यावर ते आमच्याकडेही आले.

गंमत पाहा. लेगहॉर्न हा इटलीच्या लिव्होर्नो बंदराच्या नावाचा, अमेरिकेत सुधारलेला कोंबडा. त्याचे पाय पिवळेधमक. म्हणजे साहेबी म्हणून ज्याला आम्ही दूरदेशाहून आणला, त्याच्या पायांचा रंग मुळात आमच्याच दक्षिणेच्या रानकोंबड्याचा. पाव्हणा म्हणून जो आला तो दूरचा नातेवाईक निघाला!

पण लेगहॉर्नच्या बाबतीत एक गोष्ट अमेरिकेतच वजा झाली होती. भरपूर अंडी हवीत म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवड करताना त्यातून खुडूक बसण्याची वृत्ती काढून टाकली गेली. खुडूक कोंबडी अंडी देत नाही, एकवीस दिवस अंड्यांवर बसते, नंतर दोन-अडीच महिने पिले सांभाळते. हिशेबनिसाच्या दृष्टीने हा शुद्ध तोटा. म्हणून ती वृत्ती गेली, आणि तिची जागा उबवणी यंत्राने घेतली. पुढे तयार झालेल्या गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया या परसातल्या जातींतही खुडूक बसणे अगदी कमी. त्यांची अंडी गावठी कोंबडीखाली ठेवून उबवता येतात. पण संकराचा गुण पुढच्या पिढीत तसाच उतरत नाही. तेव्हा चांगले पीक हवे असेल तर दर खेपेला नवी पिले विकत आणायला हवीत.

आतेचे म्हणणे एवढेच होते: “खुडूक बसपी कोंबी ना जाल्यार म्हजें कितें उरलें?” तिचे ऐकले तेव्हा मला वाटले हा म्हातारपणाचा हट्ट. परतीच्या गाडीत लोंढ्यापर्यंत विचार करीत आलो आणि लक्षात आले की तिने नेमके मर्म पकडले आहे. खुराड्यात कोणता नर सोडायचा हा प्रश्न केवळ अंड्यांचा नाही. पुढची पिढी कोणाच्या हातात राहणार, याचा तो प्रश्न आहे. जवारी कोंबडा सोडला तर पुढची पिढी परसात राहते. दुसरा सोडला तर अंडी वाढतात, मांस वाढते, पण पिढी हळूहळू उबवणी केंद्राकडे जाते.

मी सुधारणेच्या विरोधात नाही, हेही स्पष्ट करतो. ज्या घरात पोरांना रोज एक अंडे मिळायला हवे आणि पैसा नाही, तिथे गिरिराज किंवा वनराज वरदान आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातल्या ८५ कोटींहून अधिक कुक्कुटपक्ष्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातले निघाले, आणि आधीच्या गणनेपेक्षा त्यांत जवळजवळ ४६ टक्के वाढ होती. परसातली कोंबडी संपली अशी जी हाकाटी होते, ती आकड्यांना धरून नाही. तिची वाढ सुधारित जातींमुळेही झाली. पण दहा घरांपैकी एका घरात तरी खुडूक बसणारी गावठी कोंबडी आणि तिच्याच जातीचा बाहेरचा कोंबडा राहावा. यंत्र बंद पडले, वीज गेली, २००६ साली नवापूरला झाले तसे बर्ड फ्लूने लाखो पक्षी मारावे लागले, तर पुन्हा सुरुवात करायला बी कुठून आणणार? गोमंतकात आज भाजीबरोबर अंडीही बरीचशी घाटावरूनच येतात. राखणदाराला कोंबडा द्यायचा तर गावठीच लागतो, आणि तो शोधायला आता दोन-तीन वाडे पालथे घालावे लागतात, हे गावाकडच्या वाचकांना ठाऊक आहेच.

तेव्हा ज्यांच्या मागीलदारी अजून खुराडे आहे त्यांना एवढेच सांगणे. दर दोन वर्षांनी कोंबडा बदला, तो दूरच्या गावचा पण आपल्या जातीचा आणा. आधी वेगळा ठेवा, लस टोचा, मग डालग्याखाली ओळख होऊ द्या, मग रात्री दांडीवर बसवा. दाणे दोन जागी टाका. आणि म्हातारी कोंबडी त्याला पळवते म्हणून तिला दूर करू नका. पिले कशी उबवायची हे त्या खुराड्यात तिलाच ठाऊक आहे. नवा कोंबडा कितीही मोठ्याने आरवला, तरी ते काम त्याला येणार नाही.